पितृपक्षातलं कुंकू

एक

ही गोष्ट कोणाला खरी वाटणार नाही. आजवर चौदा जणांना सांगून झाली. तेरा हसले आणि चौदावा छत्री विसरून उठून गेला. पण ठेवी परत करणाऱ्या साहेबांचं दार अकरा वाजल्याशिवाय उघडत नाही, टोकनं तुमच्या हातात आहेत, आणि बुडालेल्या बँकेच्या पायऱ्या सोडून ठेवीदार जाणार कुठे? तेव्हा ऐका. वेळ तरी जाईल.

गोष्ट याच इमारतीतली, आपल्या मधुकोश नागरी सहकारी बँकेची. बँक बंद पडून दहा महिने झाले होते. दोन हजार दोनच्या फेब्रुवारीत सहकार खात्याने चौकशीला एक बाई पाठवली. ज्योत्स्ना गायधनी. अंगाने एवढीशी, आवाज त्याहून लहान. मॅनेजरला वाटलं टायपिस्ट आली. त्याने तिला बाकावर बसवलं आणि साहेब केव्हा येणार म्हणून तिलाच विचारलं.

शिपाई केरूने मात्र तिला पाहताच ओळखलं आणि न विचारता चहा टाकला. केरू सुरगाण्याकडचा. वय अठ्ठावन्न, पण दिसायला पंचेचाळीसच्या पुढे नाही. चहा असा करायचा की शेजारच्या बँकेचे लोक आपलं खातं इकडे वळवायचे. हसू नका, बँक त्या चहावरच उभी होती.

बाईंनी तिजोरी उघडायला लावली. आत इतिवृत्ताच्या वह्या, म्हणजे संचालकांच्या सभेत कोण काय बोललं, काय ठरलं, ते लिहायच्या. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात नवी वही निघायची आणि वर्षभर चालायची. एकोणीस दिवाळ्या, एकोणीस वह्या. बाईंनी मोजल्या. एकोणीस भरल्या.

पण अठरावी उघडली तर तिचं पहिलं पान दिवाळीचं नव्हतंच. तारीख होती वीस सप्टेंबर दोन हजार. दिवाळीपासूनचे दहा महिने गायब. आणि त्या पहिल्याच पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: अंबडच्या कारखान्यास नऊ कोटींचं कर्ज मंजूर. कर्ज अधिकारी दत्तू गांगुर्डे यांनी जागेची पाहणी करून जोरदार शिफारस केली.

याच कर्जाने बँक बुडाली. कर्ज घेणारा परदेशात पळाला होता. आणि दत्तू गांगुर्डे हयात नव्हता. बँकेला कुलूप लागलं त्या आठवड्यात ठेवीदारांनी त्याला भर बाजारात गाठून चपलांची माळ घातली. कोणी घातली ते इथे विचारत नाही. दोघे-तिघे आत्ता आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघताहेत, तेवढं पुरे. दत्तू घरी जाऊन खाटेवर बसला, कोणाशी बोलला नाही, आणि नवव्या दिवशी गेला.

बाईंना अहवाल द्यायला अकरा दिवस होते. या वहीप्रमाणे अहवाल गेला असता तर सगळा दोष दत्तूवर. मेलेल्याला तुरुंगात घालता येत नाही, म्हणजे कोणालाच घालता येणार नव्हतं.

संध्याकाळी बाई निघाल्या तर दारात दत्तूची बायको उभी. सगुणाबाई.

“माझ्या नवऱ्यानं शिफारस केलेली नाही,” ती म्हणाली. “अंबडला जाऊन आले त्या दिवशी जेवताना सांगितलं मला. शेडमध्ये मशीन एकही नाही. तीन शेळ्या बांधल्यात. हेच ते सभेत बोलले, आणि लिहूनही घेतलं होतं.”

“कुठे लिहून घेतलं?”

“वहीत,” सगुणाबाई म्हणाली.

दोन

दुसऱ्या दिवशी बाईंनी मॅनेजर मनोज कुलथेला समोर बसवलं.

“आधीची वही लवकर भरली, मॅडम. त्या वर्षी सभा फार झाल्या. मग पाइप फुटला, ती भिजली, टाकून दिली.”

“इतक्या वह्यांतली एकच भिजली?”

“तळाला होती ना.”

“अठरावी वही पहिलीच्याही खाली?”

मनोजने रुमाल काढून कपाळ टिपलं. पंखा चालू होता.

नंतर चेअरमन आले. रावजीशेठ बोरस्ते. पांढरे कपडे, कपाळाला गंध, सोमवार-शनिवार उपास. बँकेत यायचे तेव्हा चहाचे पैसे खिशातून द्यायचे. हे खोटं नाही, केरूच घ्यायचा. कुठल्याही वर्षीच्या कुठल्याही कागदावर त्यांनी रुपया खाल्ल्याचं सापडलं नाही.

“एक पैसा घरी नेला असेल तर हात तोडा माझा,” रावजीशेठ म्हणाले.

“तसं कोणी म्हणत नाही, शेटजी. नऊ कोटी दिले तो कारखाना बघितला होता?”

“त्या दिवशी सव्वीस ठराव होते. सगळं बघत बसलो तर सह्या कधी करायच्या? आमच्या अधिकाऱ्यानं शिफारस केली, आम्ही विश्वास ठेवला. निर्णय चुकला. चुकीला तुरुंग म्हणालात तर उद्या कर्ज द्यायला खुर्चीवर बसेल कोण?”

“चुकीला मीही गुन्हा म्हणणार नाही,” बाई म्हणाल्या. “पण माणूस चुकतो ते वेगळं, आणि कोणी दाखवत असताना मान फिरवतो ते वेगळं. तुमचं यातलं कोणतं, एवढंच शोधायचंय.”

रावजीशेठ हसले. त्यांचं हसू फार गोड होतं.

“शोधा की. वही तुमच्या हातात आहे.”

“हो. तिजोरीला किल्ल्या दोन. एक तुमच्याकडे, एक मॅनेजरकडे. दोघे एकत्र आल्याशिवाय उघडत नाही. मग रोज सकाळी दोघेही साडेनऊला हजर असायचात?”

रावजीशेठनी मनोजकडे पाहिलं. मनोजने पंख्याकडे.

“दोन्ही किल्ल्या दोघांच्या घरून रोज कोण आणायचं?”

“केरू,” दोघे एकदम म्हणाले.

केरू दारातच उभा होता. हातात ट्रे, ट्रेवर चार कप.

तीन

“पंधरा वर्षं,” केरूने सांगितलं. “एक गंगापूर रोडवरून आणायची, एक पंचवटीतून. सायकलवर. संध्याकाळी परत.”

“म्हणजे दोन कुलपांची तिजोरी तुमच्या एका खिशात होती.”

“खिशाला भोक नव्हतं, मॅडम.”

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं.

“वही तुम्ही काढलीत, केरूबाबा?”

आता केरू खोटं बोलायला कधी कचरला नाही. सुरगाण्याच्या घाटात वाघाला बिडी पाजल्याची गोष्ट त्याने गावभर सांगितलीय. पण त्या दिवशी ते जमलं नाही. त्याने भलतंच काहीतरी काढलं.

“मॅडम, माझा एक पुतण्या हाय. काळू. जीप चालवायचा, बोरगाव ते सुरगाणा. ब्रेक धड लागत नव्हते, त्याला म्हाईत होतं. दोन जणांनी बजावलं होतं. तरी बावीस माणसं भरली आन् घाट उतरला. दोन गेली. काळूला कोणाला मारायचं नव्हतं, मॅडम. एक रुपया चोरला नव्हता त्यानं. तरी दीड वरीस आत होता. मी सोता म्हणलो, बराबर झालं.”

“मग?”

“शेटजींच्या जीपमध्ये किती माणसं होती?”

“अकरा हजार,” बाई म्हणाल्या. ठेवीदारांचा आकडा त्यांना पाठ होता.

“मंग त्यांचं कसं काय ओ?”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“काळूला ब्रेकचं माहीत होतं, हे सांगणारी दोन माणसं होती. शेटजींना माहीत होतं, असं सांगणारा एक माणूस होता. तो गेला. राहिली ती वही. त्या वहीत दत्तूंचं बोलणं असेल, तर त्यांना माहीत होतं आणि तरी त्यांनी घाट उतरवला. नसेल, तर बिचाऱ्यांची फसवणूक झाली. सगळं त्या एका पानावर आहे, केरूबाबा.”

केरूने कप गोळा केले. ती वही कुठे गेली, हे नाशकात एकाच माणसाला ठाऊक होतं.

चार

तिसऱ्या दिवशी वत्सलाबाई आल्या. मधुकोशचं इतिवृत्त एकोणीस वर्षं त्यांनीच लिहिलं. नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेला. तेव्हापासून पांढऱ्यावर फिक्या फुलांची साडी, मोकळं कपाळ, आणि मोत्याच्या दाण्यासारखं अक्षर. सभेत कोणी शिंकलं तर तेही लिहितील अशी त्यांची ख्याती.

“ही वही तुमच्या हातची?”

“माझ्याच.”

“कधी लिहिलीत?”

“तारीख घातलीय ना त्यात.”

“ते मी विचारत नाहीये.”

वत्सलाबाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला. “मला निवृत्तीला सात महिने आहेत, मॅडम. फंड अजून इथेच अडकलाय. दुसरं काही विचारा.”

“बरं. दत्तू गांगुर्डे कसे होते?”

“माझ्या शेजारच्या टेबलाला होते,” त्या म्हणाल्या, आणि मग रडू आवरेना म्हणून उठून गेल्या. जाताना मात्र दारात थांबल्या. वळून न बघता म्हणाल्या, “पहिलं पान नीट बघितलंत का?”

बाईंनी ते पान वीस वेळा वाचलं होतं. आता त्यांनी वाचलं नाही, नुसतं बघितलं. वरच्या कोपऱ्यात पिवळा ठिपका, त्याच्याखाली लाल. हळद आणि कुंकू.

त्यात नवल काय? प्रत्येक वहीवर होतंच. बाईंनी बाकीच्या अठरा उघडून पाहिल्या. मग त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. बँकेत जुनी कॅलेंडरं कोणी काढत नसे. एकाच खिळ्यावर पाच वर्षं लटकायची. बाई स्टुलावर चढल्या, धूळ झटकली, दोन हजार सालचा सप्टेंबर उघडला आणि तिथेच उभ्या राहिल्या.

“केरूबाबा,” त्या हळूच म्हणाल्या, “उद्या सगळ्यांना अकराला बोलवा. आणि तुम्हीही थांबा. चहा करू नका.”

चहा करू नका म्हटल्यावर केरूला कळलं, की आता काही खरं नाही.

पाच

अकराला सगळे जमले. रावजीशेठ, मनोज, वत्सलाबाई. केरू दाराशी.

“शेटजी,” बाईंनी सुरुवात केली, “नव्या वहीची पूजा कोण करतं?”

“मी. पहिल्या दिवसापासून. काडीनं श्री काढतो, स्वस्तिक काढतो.”

“वीस सप्टेंबरला या वहीची पूजा तुम्हीच केलीत?”

“केली असेल.”

“त्या दिवशी पितृपक्ष चालू होता.”

रावजीशेठ दुखावले. माणसाला चोर म्हटलेलं चालतं, पण श्रद्धेला धक्का चालत नाही. “मग शक्यच नाही. पितृपक्षात मी नवा रुमाल वापरत नाही, नव्या वहीची पूजा करीन? या मनोजलाही करू देणार नाही.”

“नाही केली, मॅडम,” मनोज घाईने म्हणाला. “आईशप्पथ.”

“मलाही तेच वाटलं,” बाई म्हणाल्या. “पितृपक्षात सभा होते, सह्या होतात, पण नवी वही कोणी पूजत नाही. मग हे हळदकुंकू? ही वही त्या दिवशी सुरूच झाली नाही. नंतर कधीतरी, सावकाश बसून लिहिली. मागची तारीख घातली आणि तिथी बघायची राहिली.”

रावजीशेठांचं हसू चेहऱ्यावर होतं तसंच राहिलं, फक्त त्यातला गोडवा गेला.

“राहिली नाही,” बाई पुढे म्हणाल्या. “कोणीतरी मुद्दाम बघितली. बाकीच्या अठरा वह्यांवर श्री आहे, स्वस्तिक आहे. हिच्यावर नुसती बोटं आहेत. आधी हळद, मग कुंकू. शेटजी, हे पुरुषाचं काम नाही. बाई दुसऱ्या बाईला हळदकुंकू लावते तसं लावलंय. या कचेरीत बाई एकच आहे.”

वत्सलाबाई खाली बघत होत्या.

“एकोणीस वर्षं,” त्या म्हणाल्या, “वही मी लिहायची, आणि पूजा लागली की हेच शेटजी म्हणायचे, वत्सलाबाई, तुम्ही जरा बाहेर बसा. मी बाहेर बसायचे. प्रसाद केरू आणून द्यायचा. बँक बंद पडल्यावर यांनी मला घरी बोलावलं. म्हणाले, तीच सभा परत लिहा. दत्तूचं बोलणं काढा, शिफारस घाला. नाही म्हणाले तर म्हणे, अक्षर तुमचं आहे, बुडालो तर आधी तुम्ही. मी घाबरले. लिहिलं. दत्तूभाऊंना जाऊन तेव्हा महिना झाला होता.” त्यांनी बोटं पदराला पुसली, जणू अजून काही लागलेलं होतं. “मग ठरवलं, एवढं तरी करीन. पितृपक्षात विधवेनं लावलेलं कुंकू. कोणाच्या तरी डोळ्यांना खुपेल म्हटलं.”

“खऱ्या वहीत काय होतं?”

“दत्तूभाऊ म्हणाले, तिथे यंत्र नाही, तीन शेळ्या आहेत, कर्ज देऊ नका. शेटजी म्हणाले, मग शेळ्यांनाही थोडं देऊ. सगळे संचालक हसले. मी कंसात लिहिलं, हशा. मग सह्या झाल्या.”

बाईंनी टेबलावरचा हात घट्ट मिटला.

“ती वही कुठे आहे?”

“शेटजींनी जाळायला म्हणून केरूला दिली होती,” वत्सलाबाई म्हणाल्या.

सहा

केरूने जाळली नव्हती. लक्ष्मीपुढे ठेवलेली, पूजा झालेली वही आगीत घालायची? त्याच्या सात पिढ्यांत कोणी असं केलं नव्हतं. पूजेची वस्तू पाण्यात सोडतात. भर दुपारी सायकलला लावून त्याने ती गोदावरीवरच्या टाळकुटेश्वराच्या पुलाखाली नेली, नमस्कार केला आणि गंगेला दिली. दत्तूचं नाव त्या वहीत आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. शाळा त्याने बाहेरूनच पाहिलेली. चेअरमनने सांगितलं, शिपायाने ऐकलं.

पण केरू हुशार गडी. सोडण्याआधी त्याने वही दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत गुंडाळली, एकीवर एक, सात पिशव्या. वरून सुतळी, सुतळीला धोंडा. बाईंना घेऊन तो पुलाखाली गेला, पाण्यात बुडी मारली, तीन मिनिटं आत राहिला. लोक म्हणाले, म्हातारा गेला. तेवढ्यात वही डोक्यावर धरून वर आला. आतलं पान कोरडं ठणठणीत. तीन शेळ्या जागच्या जागी. कंसात हशा.

मग कोर्ट. न्यायाधीशांनी रावजीशेठना ते पान मोठ्याने वाचायला लावलं. हशा या शब्दाशी आल्यावर त्यांनी मान खाली घातली. कोर्ट म्हणालं, तुम्ही चोरी केली नाही, पण अकरा हजार माणसं गाडीत बसवून, ब्रेक नाहीत हे कळल्यावर तुम्ही हसलात. सात वर्षं सक्तमजुरी. सगळ्या संचालकांना. दत्तू गांगुर्डेचं नाव भर कोर्टात पुसून स्वच्छ केलं, आणि ज्यांनी माळ घातली होती ते त्याच्या घरी जाऊन...

“केरूभाऊ,” वरच्या पायरीवरून सगुणाबाई म्हणाली, “वही गुंडाळलेली नव्हती.”

पायऱ्यांवरची डोकी वर वळली. केरूने गोष्ट तिथेच सोडली आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“गुंडाळली होती, वहिनी. सात पिशव्या...”

“उघडी सोडलीस. मी होते ना तिथे. बाई तीन दिवस साडी खोचून पाण्यात शोधत होत्या, त्यांची पर्स धरून मी काठावर बसले होते. नुसता पुठ्ठा निघाला. वत्सलाबाईंचा जबाब वकिलानं अर्ध्या तासात पुसला, आधी खोटं लिहिणारी आता खरं कशावरून बोलते म्हणून. कुंकवाला कोणी पुरावा म्हटलं नाही. सगळे सुटले, दोष यांच्याच नावावर राहिला.” तिने टोकन दुसऱ्या हातात घेतलं. “आणि तुझे ते सात वर्षं आत गेलेले शेटजी, परवा प्रसादाच्या रांगेत माझ्यापुढे उभे होते. मागे वळून म्हणाले, ताई, आधी तुम्ही घ्या. ओळखलं नाही मला. खोटं सांगतोस तू, केरूभाऊ.”